गोळी बंद करायला लावणारा फोनवरचा ‘डॉक्टर’

बाबा शहात्तर वर्षांचे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे. अंधारात चपला चाचपडल्याचा आवाज मला शेजारच्या खोलीत यायचा, आणि या वयात असं होतंच म्हणून मी कूस बदलायचो. प्रोस्टेट वाढल्यामुळे त्यांना टॅमसुलोसिन ही गोळी सुरू होती. धार सुधारली होती, पण रात्रीचं उठणं काही कमी होईना. नेमकं तेच त्या माणसाच्या पथ्यावर पडलं.

मोबाइलवरची जाहिरात पाहून बाबांनी नंबर दिला आणि दहा मिनिटांत फोन आला. समोरचा स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. किती वेळा उठता, झोप कशी लागते, चिडचिड होते का, सगळं त्यानं शांतपणे विचारलं. घरात आम्ही कुणी एवढं विचारलं नव्हतं, हे मला अजून लागतं. मग म्हणाला, “काका, आधी ती केमिकलची गोळी बंद करा. ती चालू असेपर्यंत आमचं औषध लागू पडणार नाही.” तीन महिन्यांच्या कोर्सचे सगळे पैसे आधीच भरून घेतले.

आलेल्या पुड्यांवर हिरव्या पानांचं चित्र, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ आणि ‘परदेशी सॉ पाल्मेटो फळाचा अर्क’ एवढंच. घटकांचं प्रमाण नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. झोपताना दोन ग्लास पाण्यातून घ्यायची म्हणे! आठवड्यात उठणं वाढलं, तेव्हा फोनवर उत्तर मिळालं की शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे, आता पुढचा ‘पॉवर कोर्स’ घ्या. बाबांनी आम्हाला न सांगता त्याचेही पैसे भरले.

अकराव्या रात्री ते बाथरूममधून बाहेरच येईनात. दार ढकललं तर भिंतीला धरून उभे, घामानं निथळलेले, ओटीपोट दगडासारखं टणक. लघवी पूर्ण तुंबली होती. रुग्णालयात कॅथेटर घातल्यावर पिशवीत लिटरभराहून जास्त लघवी आली. अशी तुंबली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच निघा.

त्या पुड्यांत काय होतं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सॉ पाल्मेटोबद्दल मात्र मी नंतर वाचलं. 2011मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नव्हतं.

खरं कारण सापडलं ते मोजपात्रानं. कॅथेटर निघाल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली आणि डॉक्टरांनी तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहायला सांगितली. बाबांच्या थरथरत्या अक्षरातली ती वही माझ्याकडे आहे. एका दिवसाची बेरीज 1750 मिली, त्यातली 800 रात्रीची. वय झालेल्यांत रात्रीचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असेल तर मूळ प्रश्न रात्री लघवी जास्त तयार होण्याचा असतो, आणि प्रोस्टेटच्या गोळीनं ती कमी होत नाही. दिवसभर पायांत साठलेलं पाणी बाबा आडवे झाले की रक्तात परतत होतं. शिवाय रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी ते रात्री घेत होते. डॉक्टरांनी ती दुपारी हलवली आणि संध्याकाळी पाय उंच ठेवायला सांगितले.

रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे, हे मी विचारलं. पण त्यानं रक्तातलं सोडियम धोकादायक इतकं उतरू शकतं, पासष्टीनंतर तर जास्तच. देण्याआधी आणि दिल्यानंतर तपासावं लागतं. बाबांचं सोडियम आधीच कमी होतं, म्हणून दिलं नाही. फोनवरच्या माणसानं असलं काही विचारलंच नव्हतं. बाबा आणखी कुठल्या गोळ्या घेतात, हेसुद्धा नाही.

पैसे परत मागितले तेव्हा तो नंबर बंद लागला. बाबा आता रात्री दोनदा उठतात. मागच्या आठवड्यात दुसऱ्याच नंबरवरून फोन आला, तोच मऊ आवाज, “काका, झोप कशी लागते?” बाबांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.