कॅसबिन: सहा महिने वापरून झालं, ५ पैकी ४

आमच्या बिलिंग सिस्टीममध्ये आधी सगळीकडे 'रोल अ‍ॅडमिन असेल किंवा मॅनेजर असेल तर' असं पसरलेलं होतं, नवीन रोल आला की चाळीस ठिकाणी हात घालायचा आणि एकेचाळिसावं हमखास राहायचं. कॅसबिन, म्हणजे कोणाला काय करता येतं ते तपासणारी लायब्ररी, लावल्यापासून ती कटकट गेली.

मुळात गो भाषेतली ओपन सोर्स लायब्ररी, पण जावा, पायथन, नोड, पीएचपीसाठी पण आहे. (लॉगिनचं ती बघत नाही हां, ते तुमचं तुम्ही.) परवानगी कशी तपासायची ते मॉडेलच्या फाइलीत, कोणाला काय करता येतं ते पॉलिसीत. 'पी, अकाउंटंट, बिल, वाचणे' ही झाली परवानगी आणि 'जी, युजर७, अकाउंटंट' म्हणजे रोल दिला. कोडमध्ये फक्त विचारायचं, ह्याला हे करता येतं का, रोलचं नाव तिथे येतच नाही आणि माझ्या मते सगळा फायदा तिथेच आहे. 'जी'च्या ओळीला क्लायंटसाठी अजून एक रकाना दिला की एकच माणूस एका क्लायंटकडे अ‍ॅडमिन आणि दुसऱ्याकडे नुसता बघ्या, हे पण होतं.

आता माझा पराक्रम. एकाचा अप्रूव्हरचा रोल काढायचा होता, मी शहाणपणा करून थेट डेटाबेसमधली ओळ उडवली आणि साहेब दुपारपर्यंत आरामात बिलं अप्रूव्ह करतायत! पॉलिसी मेमरीत असते ना, परत लोड करेपर्यंत तिला टेबलातलं काही कळत नाही. लायब्ररीच्याच फंक्शनने रोल काढला असता तर लगेच गेला असता. ते पण एकाच सर्व्हरवर बरं का, प्रोग्रामच्या दोन-तीन प्रती (इन्स्टन्स) चालू असतील तर वॉचर, म्हणजे पॉलिसी बदलली की बाकीच्यांना कळवणारा भाग, लावाच, नाहीतर एक हो म्हणतो, दुसरा नाही, आणि युजर बिचारा रिफ्रेश मारत बसतो.

एक स्टार कापला तो डिनायसाठी, म्हणजे 'ह्याला हे करू देऊ नका' अशा मनाईच्या ओळींसाठी. सॅम्पलमधलं साधं मॉडेल उचललं तर परवानगीची एक ओळ (अलाऊ) मिळाली की काम फत्ते, डिनायच्या ओळी लिहा नाहीतर नका लिहू. मॉडेलमधली इफेक्टची ओळ, म्हणजे शेवटी हो की नाही ते ठरवणारी, बदलावी लागते, हे मला दोन दिवस डोकं आपटून कळलं.

रोलचा पसारा मात्र आम्हीच घातला. 'मॅनेजरच, पण डिलीट नको', 'मॅनेजरच, पण रिपोर्ट हवा' असं करत करत ३४ रोल झाले. मग बसून माणसांवरून नाही तर कामांवरून रोल पाडले, सीनियरला ज्युनियरचा रोलच जोडून टाकला, ११ वर आले. स्वतः बनवलेलं बिल स्वतः अप्रूव्ह करायचं नाही, हे रोलने सुटत नाही, ते मॅचरमध्ये, म्हणजे मॉडेलमधल्या तपासणीच्या अटीत, बिलाचा मालक तपासून केलं.

त्या ११ मध्ये 'टेम्प_अ‍ॅडमिन' अजून आहे, कोणी बनवला कोणी कबूल करत नाही आणि काढायची हिंमत माझी पण होत नाहीये.