व्हॅनच्या हेडलाइटसाठी साधा ६०/५५ एच४ बल्ब आणि रिले किट: धंद्याच्या गाडीला हीच जोडी

पहाटे वाशीच्या मार्केटमधून भाजी भरून निघणारी मारुती ईको असो की रात्री घोडबंदर रोडने माल टाकत येणारी दुसरी छोटी व्हॅन, 'लाइट पडतच नाही' ही तक्रार ठरलेली. दुकानात त्यावर दोनच उपाय पुढे येतात: १००/९० वॉटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी किट. आमचं मत या दोन्हींच्या विरोधात आहे. १२ व्होल्टचा, ६०/५५ वॉटचा (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला ६०, डिपर म्हणजे खालच्या झोताला ५५) साधा एच४ हॅलोजन घ्या, फिलिप्स, ओसराम किंवा बॉशसारख्या नावाजलेल्या कंपनीचा, आणि त्याला पूर्ण व्होल्टेज मिळेल असं वायरिंग करा. उजेड कमी पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतोच.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार नाजूकपणे अवलंबून असतो. एच४ च्या डिपरला १३.२ व्होल्टवर सुमारे १००० ल्युमेन आणि अप्परला सुमारे १६५० ल्युमेन धरतात. जुन्या व्हॅनमध्ये स्विचची झिजलेली टोकं, बारीक वायर आणि गंजलेला बॉडी अर्थ (पत्र्याला जोडलेलं मायनस) यांतून वाट काढत बल्बपर्यंत ११.५ व्होल्टच पोचले, तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. नवा बल्ब लावूनही मग तो पिवळाच दिसतो आणि दोष कंपनीच्या माथी जातो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या मागच्या कपलरमधल्या (प्लगमधल्या) डिपरच्या टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर प्लसच्या वाटेत व्होल्टेज वाया जातंय. तसंच बॅटरीचं मायनस आणि बल्बचं अर्थचं टोक यांत मोजा. ही दुसरी मोजणी बरेच जण करत नाहीत, आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंज तर नेमका अर्थच्या स्क्रूखाली धरतो. स्क्रू काढून पत्रा घासायचा, परत घट्ट आवळायचा आणि वरून थोडं ग्रीस. नुसत्या एवढ्यानेही उजेडात फरक पडतो.

त्यानंतर रिले किट. रिले म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच; त्यामुळे बल्बला करंट जुन्या स्विचमधून न जाता थेट बॅटरीवरून मिळतो. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून जाड वायर बल्बकडे. ८५ आणि ८६ ला जुन्या वायरिंगचा इशारा आणि अर्थ. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले हवेत. होल्डर सिरॅमिकचा घ्या. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासून पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. किट विकत घेताना वायर हातात धरून बघा: रबर जाड आणि आत तांबं नावापुरतं, असा माल कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरही मिळतो आणि ऑनलाइनही.

१००/९० चा हिशेब असा. ६० वॉटचे दोन बल्ब सुमारे १० अँपिअर ओढतात, १०० वॉटचे दोन साडेसोळाच्या पुढे जातात. मूळ वायरिंगवर ते लावले की आधी होल्डर वितळतो, मग स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच. शिवाय उष्णतेने रिफ्लेक्टरची चकाकी काळवंडते, आणि ती गेली की पूर्ण हेडलाइट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. सार्वजनिक रस्त्यासाठी मान्य असलेला १२ व्होल्टचा एच४ ६०/५५ चाच.

एलईडीचा प्रश्न वेगळा आहे. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच वापरला जातो आणि झोत रस्त्यावर पडतो. एलईडीची चिप त्या जागेवरून जराशी जरी सरकली तरी झोताची कड फिसकटते आणि समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. शिवाय मागचा पंखा बसावा म्हणून रबराचं कव्हर कापतात. पहिल्याच पावसाळ्यात हेडलाइटच्या आत पाणी!

कायद्याची बाजूही बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ सांगतो की ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना डिपरने दिपवता कामा नये. धंद्याच्या गाडीचं पासिंग (फिटनेस तपासणी) आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, आरटीओ कुठलंही असो, तपासणीत हेडलाइट बघतातच. आदल्या रात्री जुने बल्ब परत चढवायची धावपळ साध्या एच४ ला करावी लागत नाही.

बल्ब बदलताना लाइट बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. कपलर सरळ मागे ओढा, वायरींना धरून नाही. रबराचं कव्हर सोलून काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल तापून काच फुगते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा. बल्बच्या तीन पात्यांपैकी रुंद पातं वर येतं. तसं न बसवता क्लिप दाबून बसवली तर झोत वाकडाच पडणार. कव्हरवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वरच ठेवा, आणि कडा सगळीकडून बसली का ते बोट फिरवून बघा. बल्ब जोडीनेच बदला.

जुना बल्ब फेकण्याआधी बघा. आत पांढरी भुकटी म्हणजे हवा शिरली होती. वारंवार बल्ब उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. १४.८ च्या वर आकडा गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बघायला हवा. व्होल्टेज फक्त ५ टक्के वाढलं तरी बल्बचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

खरेदीत फसायची दोन ठिकाणं आहेत. ट्रकचा २४ व्होल्टचा ७५/७० बल्बही याच होल्डरमध्ये बसतो, पण १२ व्होल्टवर मिणमिणतो. मोटारसायकलचा ३५/३५ चा एचएस१ दिसायला अगदी तसाच. म्हणून डबीवर नव्हे, बल्बच्या धातूवर कोरलेलं वाचा. निळसर काचेचे बल्बही टाळा, तो रंग उजेडच खातो.

हेडलाइटची पुढची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर वरचं सगळं वाया. पाणी मारत ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग २०००, मग ३०००, शेवटी कंपाउंड. त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत येतो. टूथपेस्टची चमक फार टिकत नाही. आतला रिफ्लेक्टर मात्र कापडाने कधीच पुसू नका, चांदीसारखा थर हातात येईल.

झोताचं सेटिंग रोजच्याइतका माल भरलेल्या गाडीवर करा, कारण मागचा भाग दबला की पुढचा झोत वर उठतो. टायरमध्ये हवा बरोबर हवी आणि ड्रायव्हर सीटवर. सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून बल्बच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खूण करा. डिपरची कड त्या खुणेच्या ५ ते ६ सेंटिमीटर खाली, उजवीकडे सपाट आणि डावीकडे चढती दिसली पाहिजे. डॅशबोर्डवर लेव्हलिंगची चकती असेल तर ती शून्यावर ठेवूनच स्क्रू फिरवा. नंतर रोजच्यापेक्षा जास्त भार घेताना चकतीने झोत खाली घेता येतो.