गरम इंजिन दाखवून मला टेन टायर विकली, सेकंडहँड ट्रक घेणाऱ्यांनी वाचा

मी सांगली जिल्ह्यातला, घरी ऊस आणि जोडीला ट्रान्सपोर्टचा छोटा धंदा. जुनी सहा टायर विकून टेन टायर, म्हणजे दहा चाकी ट्रक, घ्यायची ठरवली, नवीचा हप्ता झेपणारा नव्हता म्हणून सेकंडहँड बघायला लागलो. कळंबोलीच्या बाजूला एका दलालाकडं २०१८ ची बीएस-४ (धुराच्या नियमांचा तेव्हाचा टप्पा) टाटा मिळाली, सहा सिलिंडरचं कमिन्स इंजिन. साडेतेरा लाख सांगितले, तेरावर सौदा ठरला. आठ लाख पतसंस्थेचं कर्ज आणि बाकी उसाचं बिल. म्हणजे वर्षभराची घरची कमाई त्या गाडीत गेली.

कागदाला मी कमी पडलो नव्हतो. आरसी ऑनलाइन बघितली, फायनान्सचा बोजा उतरलेला, पासिंग चालू, टॅक्स, इन्शुरन्स, ई-चलान सगळं क्लिअर. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि आरसीशी जुळवला. सगळं खरं निघालं आणि त्यामुळंच मी ढिला पडलो, मला वाटलं ज्याचे कागद एवढे सरळ तो माणूस गाडीत काय खोट करणार.

पहिल्यांदा बघायला गेलो त्या दिवशी दलालाचा सकाळपासून तीनदा फोन, "दादा कुठपर्यंत आलात, कितीला पोचताय?" मला वाटलं माणूस आपुलकीनं विचारतोय. पोचलो तर गाडी चालूच होती, म्हणाला आत्ताच पंपावरून डिझेल टाकून आणली. पैसे भरून ताबा घ्यायला गेलो तेव्हाही चालूच, म्हणे तुमच्यासाठी धुऊन आणली. दोन्ही वेळा मी ते इंजिन थंड बघितलंच नाही. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिला सेल्फ मारायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, आमच्या आबांनी निघताना हेच सांगितलं होतं, पण तिथं चहा आला, गप्पा झाल्या आणि राहून गेलं.

घासलेलं इंजिन थंड असताना लपत नाही. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजले की कंप्रेशन बसत नाही, सेल्फ लांब मारावा लागतो, पहिली पाच मिनिटं पांढरा नाहीतर निळसर धूर सोडतं, आयडलला थरथरतं. तेच इंजिन अर्धा तास पळवून गरम केलं की एका सेल्फला लागतं आणि धूरही बराच कमी दिसतो. गरम झाल्यावर ऑइल पातळ होऊन ऑइल प्रेशरचा गेज खाली यायला पाहिजे, पण त्यावरही त्यांनी जाड ऑइल आणि वर घट्ट करायचं औषध ओतून इलाज केला होता. ऑइलची काडी काढली तेव्हा ऑइल मधासारखं तार धरत होतं, मी ते बघितलं आणि नवीन ऑइल टाकलंय वाटतं म्हणून खूश झालो.

रिकामी गाडी कशाला न्यायची म्हणून तळोज्यातून शिरोलीच्या फाउंड्रीसाठी अठरा टन माल भरला. खोपोलीपर्यंत गाडी छान आली. बोरघाट चढायला लागलो आणि दुसऱ्याच चढाला ताकद गेली, तिसऱ्या गिअरला येईना, दुसऱ्या गिअरवर रडत चालली, टेंपरेचर वर, मागं बघतो तर निळा धूर एवढा की मागच्या गाड्यांनी लाइट लावलेले. बाजूला घेतली आणि खाली उतरून बघितलं तर ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, पाइपातून ऑइल गळून सगळी चेसिस माखलेली. त्या पाइपाला रबरी होज जोडून तो मागं चेसिसच्या आत वळवला होता, उभ्या गाडीत वाफ कुणाला दिसू नये म्हणून. खोपोलीहून मेकॅनिक बोलावला. त्यानं इंजिन चालू ठेवूनच ऑइल टाकायचं झाकण फिरवून सोडलं आणि तसंच भोकावर उलटं ठेवलं, झाकण ताडताड उडायला लागलं. म्हणाला भाऊ, बॅक कंप्रेशन आहे, रिंगांमधून गॅस खाली येतोय, इंजिन गेलंय. दोन मिनिटांचं काम होतं ते, आणि मी तेरा लाख देताना केलं नव्हतं.

माल दुसऱ्या गाडीत पलटी केला, क्रेनचे पैसे गेले, पार्टीची बोलणी खाल्ली, ते सगळं सांगत बसत नाही.

गावाकडं आमच्या मिस्त्रींनी हेड उतरवलं. दलाल शपथेवर सांगत होता की इंजिनला हात लागलेला नाही, कंपनी फिटेड आहे. पिस्टनच्या डोक्यावर ०.५० चा शिक्का, म्हणजे एकदा बोअर होऊन ओव्हरसाइज पिस्टन बसलेले, आणि चार नंबरच्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आत ठोकून बसवलेली नळी. कमिन्सच्या या बी सिरीजमध्ये मुळात लायनर (अशी वेगळी नळी) नसतो, सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कोरलेला असतो, त्यामुळं आत स्लीव्ह दिसली की समजायचं कुणीतरी लेथवर नेऊन बसवलीय. इंजिन वाईट नाही, जमशेदपूरला टाटा-कमिन्सचा कारखाना आहे, १९९३ पासूनची भागीदारी, आणि नीट ठेवलं तर हेच इंजिन लाखो किलोमीटर जातं. कंपनीचा यात काही दोष नाही. ब्लॉक एकदा बोअर करणंही गुन्हा नाही, पण ते सांगून विकायचं असतं.

यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे कारण हे बाहेरून अजिबात दिसत नाही. माझ्या गाडीला युरियाची टाकी आहे, म्हणजे सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारून धुरातला नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइडचा विषारी) वायू मारायचा. बीएस-४ मध्ये सगळ्यांना ही सिस्टीम नव्हती, अशोक लेलँडनं बऱ्याच गाड्यांना ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवायची सिस्टीम, ठेवलं होतं. युरिया संपला किंवा नॉक्स सेन्सर गेला की डॅशबोर्डवर लाइट लागतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गाडीची ताकद स्वतःच कमी करतं. माझ्या गाडीत एकही लाइट नव्हता, युरियाचा काटा कायम पाऊण. मिस्त्रींनी स्कॅनर लावला तर इंजिन रेस केलं तरी नॉक्सचा आकडा तसूभर हलत नाही. टाकीचं झाकण काढलं तर आत थेंब नाही, नुसते पांढरे खडे. मग फ्यूज बॉक्सच्या मागं वायरिंगमध्ये काळ्या टेपात गुंडाळलेली काडेपेटीएवढी पेटी सापडली. ती ईसीएमला खोटे आकडे पाठवत बसते की सगळं ठीक आहे. पेटी काढल्याबरोबर चार लाइट लागले. पीयूसी कशी मिळाली म्हणाल तर डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता बघतात, नॉक्स मोजतच नाहीत. आणि आरसी माझ्या नावावर झाल्यावर कुणी पकडलं तर उत्तर मला द्यायचं होतं.

इंजिन दोन लाख ऐंशी हजार, सेन्सर, युरिया पंप आणि सायलेन्सरचं काम मिळून वर एक लाख साठ. गाडी सात आठवडे उभी आणि पतसंस्थेचा हप्ता चालू.

दलालाला फोन केला तर म्हणाला शेठ तुम्ही बघून घेतलीय. स्टॅम्प पेपरवर ओळ होतीच, "गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतली आहे", खाली माझी सही. पोलीस म्हणाले हे दिवाणी प्रकरण. वकिलाची नोटीस पाठवली, पेटीचे आणि पिस्टनचे फोटो जोडले, तेव्हा कुठं चाळीस हजार परत आले, तेही चार महिन्यांनी. सही करायच्या आधी त्याच कागदावर "इंजिनचं काम झालेलं नाही, युरिया सिस्टीम मूळ आणि चालू आहे" एवढी एक ओळ लिहून घेतली असती तर वकील म्हणाले माझी बाजू वेगळीच झाली असती.

आता कुणी गाडी बघायला निघालं की मी सोबत जातो. आदल्या दिवशी सांगत नाही, पहाटे सहाला दारात उभा राहतो आणि आधी इंजिनवर हात ठेवतो. गरम लागलं तर चावी हातात घेत नाही, थंड झाल्यावर दुपारी बघतो म्हणून सांगतो आणि तोवर तिथंच गाडीजवळ बसतो. ती काळी पेटी मी टाकली नाही. गल्ल्याच्या खणात ठेवलीय, गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला आधी ती हातात देतो, म्हणजे फ्यूज बॉक्सच्या मागं हात घातल्यावर काय लागलं ते त्याला कळेल.