बाथरूमसाठी ॲसिड, बायोएन्झाइम की सायट्रिक? (एका डोंबिवलीकराचा अनुभव)

बोअरिंगचं पाणी असेल तर टाइल्सवर तो पांढरा थर येतोच, त्यामुळे काही वापरूच नका असला सल्ला मी देणार नाही. मी तिन्ही वापरून बसलोय.

ॲसिडला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. सायकलवरून ॲसिड विकणाऱ्याकडून बिसलेरीच्या बाटलीत घ्यायचं, ओतलं की फसफसतं आणि दोन मिनिटांत टाइल नवी. पण दाराची कडी, जिला कधी थेंबही लागला नव्हता, ती नुसत्या वाफेने गंजून अडकायला लागली, आणि सांध्यांतलं व्हाइट सिमेंट खाल्लं जाऊन खालच्यांच्या सीलिंगला ओल आली (प्लंबर म्हणतो पाइप गळतोय, असेलही).

तरी मी ते सोडलं नसतं. सोडलं ते वासामुळे. आमची बिल्डिंग एमआयडीसीला लागून. प्रदूषणाने पडलेला 2014 चा हिरवा पाऊस आणि 2020 मधला गुलाबी झालेला रस्ता सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, पण आमचं रोजचं दुखणं म्हणजे कंपन्यांचा वास, रात्री सोडला की अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड बंद. तक्रार केली तर बघायला माणूस येईपर्यंत वास गेलेला असतो. आता ॲसिड टाकताना खिडक्या उघड्या ठेवा म्हणतात, पण ठेवायच्या कशा? एका रविवारी सकाळी मी बाथरूममध्ये ॲसिड टाकलं आणि नेमका त्याच वेळी बाहेर वास सुटला, आई खोकत खोकत गॅलरीत गेली, तिथून नाकाला पदर लावून परत आत आली, आणि मग पॅसेजमध्ये नुसती उभी राहिली, ना इकडे ना तिकडे. बाहेरचं माझ्या हातात नाही, आतलं होतं. उरलेली बाटली त्यानंतर उघडली नाही.

बायोएन्झाइम म्हणजे गूळ एक भाग, संत्र्या-मोसंबीच्या साली तीन, पाणी दहा आणि तीन महिन्यांचा धीर. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस काढायचा, मी गावाला गेलो आणि बाटली ओट्यावर फुटली. फरशी पुसायला मस्त आहे, खोटं नाही बोलणार, पण क्षाराच्या थरावर माझ्याकडे तरी फार फरक पडला नाही, तुमचं कदाचित जास्त मुरलेलं असेल.

राहिली सायट्रिकची पावडर (सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्त्व), किराणावाल्याकडे मिळते. मगभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, अर्धा तास ठेवायचं आणि घासायचं, नळाला जुनं फडकं त्यात भिजवून गुंडाळून ठेवलं की सकाळी थर नखाने निघतो. वेळ लागतो आणि हात दुखतो, पण खिडकी बंद असली तरी चालतं. फक्त कोटा किंवा मार्बलवर टाकू नका, दगडाची चमक जाते. आणि यातलं काहीही ब्लीचबरोबर मिसळायचं नाही, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.

ज्यांच्या खिडक्या मोकळ्या हवेत उघडतात आणि फार वेळ नसतो त्यांना ॲसिड परवडेलही, मी नाही म्हणत नाही. सायट्रिकला थर जुना असेल तर पुन्हापुन्हा लावायची तयारी हवी, आमच्या कमोडला चार रविवार लागले.