धोबी तलावचं सन्मानचिन्हांचं दुकान: पाटीवर केलेलं काम लिहून मिळतं

विद्यापीठातल्या आमच्या विभागातर्फे दरवर्षी मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांना पुरस्कार दिले जातात. सन्मानचिन्हं करून आणायचं काम माझ्याकडे असतं. यंदा ती धोबी तलावला, मेट्रो सिनेमाजवळच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानातून करून घेतली. पुढे शाळांच्या ट्रॉफ्या आणि मेडलं, वर पोटमाळ्यावर कोरायचं मशीन.

समितीने मंजूर केलेल्या मजकुरात सगळ्यांना एकच ओळ होती, ‘उल्लेखनीय सामाजिक कार्याबद्दल’. दुकानातल्या काकांनी कागद वाचला आणि विचारलं, “मॅडम, या लोकांनी केलंय काय?” मी सांगत गेले. एक ताई देवनार डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या बायकांना ओळखपत्रं मिळवून देतात. एक दादा गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या घरच्यांसाठी भरपाईचे अर्ज लढवतात. “मग हेच लिहा की. पाटी त्यांच्या घरात लागणार ना?” काका म्हणाले. मी तिथूनच समितीच्या सरांना फोन लावला आणि मजकूर बदलून घेतला.

मला हे फार पटलं. हाताने मैला साफ करून घ्यायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023मध्ये 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. तरी नवरा गेलेल्या बाईला कागद गोळा करत कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतात, आणि तिच्यासोबत हे दादा असतात. ‘उल्लेखनीय कार्य’ या दोन शब्दांत ते कुठे दिसतं? कोलंबिया विद्यापीठाने 1952मध्ये बाबासाहेबांना एलएल.डी. ही मानद पदवी दिली, तीसुद्धा संविधानाच्या कामाचा स्पष्ट उल्लेख करून.

आता कामाबद्दल. सागवानी पाट्यांवर पितळी पत्रा, अक्षरं खोल आणि स्वच्छ. युनिकोड, म्हणजे आपण मोबाइल-संगणकावर नेहमी टाइप करतो तो मजकूर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून मुलगा सगळं पुन्हा टाइप करतो आणि कागदावर प्रूफ काढून सही घेतो. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी ‘कार्यकर्त्या’चं ‘कार्यकत्र्या’ होऊन आलं होतं आणि तीच पाटी मंचावर द्यावी लागली. ज्या बाईने उभं आयुष्य वस्तीत घातलं तिच्या हातात असलं काही देणं हा तिचा अपमान आहे. यंदा एकही चूक नाही. आडनावं प्रत्येकाला फोन करून विचारा, हेही काकांनीच सुचवलं.

उणं म्हणाल तर घरपोच देत नाहीत, आणि पाट्या जड असतात. मरीन लाइन्स स्टेशनपर्यंत न्यायला सोबत कुणीतरी हवंच. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगांची गर्दी असते, तेव्हा निदान तीन आठवडे हाताशी ठेवा. अ‍ॅक्रिलिकपेक्षा किंमत बरीच जास्त पडते. आमच्या लेखा विभागाने त्यावर विचारणा केली, तेव्हा मी दोन्ही पाट्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि बिल मंजूर झालं.