कानांची सोय: इअरप्लग, इअरमफ आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, नागपूरच्या हिशेबाने

आवाज कमी करणाऱ्या वस्तूंची परीक्षणं बहुतेक वेळा एकच निकष लावतात: जास्तीत जास्त शांतता. ऑटिझमसोबत एडीएचडीही (लक्ष एका जागी टिकवणं अवघड जाणं) असलेल्या प्रौढांसाठी हा निकष अपुरा पडतो. ऑटिझममुळे कुकरची शिट्टी, बर्डीतले हॉर्न, स्टीलच्या ताटांचा खणखणाट सहन होत नाही हे खरं. पण पूर्ण सन्नाटा झाला की एडीएचडीचा मेंदू स्वतःच खाद्य शोधायला लागतो. हात मोबाइलकडे जातो, पाय हलायला लागतात आणि समोरचं काम तसंच राहतं. २०१३ साली डीएसएम-५ हे मानसिक निदानांचं अमेरिकी नियमपुस्तक येईपर्यंत ही दोन्ही निदानं एका माणसाला एकत्र देता येत नव्हती. या जोडगोळीचा विचार करून बनवलेलं सामान दुकानात शोधून फारसं सापडत नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी, वादकांसाठी, विमानाने फिरणाऱ्यांसाठी बनवलेल्यातूनच निवडावं लागतं.

म्हणून इथे प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारले आहेत. अचानक येणारा टोकदार आवाज ती किती कापते? आणि ऐनवेळी ती सापडते का, पटकन घालता येते का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कपाटात राहून गेलेला महागडा हेडफोन मोर भवनच्या स्टँडवर काहीच कामाचा नाही.

आधी खोक्यावरच्या, आवाज किती कमी होतो ते सांगणाऱ्या आकड्याबद्दल. अमेरिकी पद्धतीचा आकडा एनआरआर आणि युरोपीय पद्धतीचा एसएनआर. दोन्ही डेसिबलमध्येच असतात, पण त्यांची आपसात तुलना करू नये. थ्रीएम कंपनीच्या ११०० या फोमच्या इअरप्लगवर एनआरआर २९ आणि एसएनआर ३७ असतो. वस्तू तीच, आकडे दोन. शिवाय हे प्रयोगशाळेतले आकडे आहेत. प्रत्यक्ष वापराचा अंदाज घ्यायला अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या क्षेत्रात एक ढोबळ हिशेब करतात: एनआरआरमधून ७ वजा करा आणि उरलेल्याचं अर्धं करा. २९ चे ११ उरतात. हा हिशेब थोडा कडक आहे, तरी फोमचे प्लग नीट बसले नाहीत तर तो खरा ठरतो.

आणि ते नीट न बसणं हेच नेहमी होतं. फोमचा इअरप्लग स्वस्त आहे, एका जोडीला दोन-तीन कप चहाचे पैसे लागतात आणि उपयोग सगळ्यात जास्त. पण घालायची पद्धत चुकली की अर्धा परिणाम गेला. हात धुऊन कोरडे करा. प्लग बोटांत फिरवत फिरवत बारीक, सुरकुती नसलेली कांडी करा. चिमटीत नुसता दाबला तर घडी पडते आणि त्या घडीतून आवाज आत शिरतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. कांडी आत सरकवा आणि बोट तसंच टेकवून २० ते ३० सेकंद थांबा. एडीएचडीवाला माणूस इथेच घाई करतो. पाचव्या सेकंदाला बोट काढलं की फोम फुगताना स्वतःला बाहेर ढकलतो. मनात तीसपर्यंत सावकाश आकडे मोजणं हा त्यावरचा साधा उपाय. आरशात समोरून पाहिल्यावर प्लगचं टोक ठळक बाहेर दिसत असेल, तर काढून पुन्हा घाला.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक भानगड होते. हा फोम गरम असला की लवकर फुगतो आणि थंड असला की सावकाश. नवतपात दुपारी रस्त्यावर उभं राहून प्लग घालायला गेलं, तर कांडी कानापर्यंत पोचायच्या आधीच बोटांत फुगते. त्यात हातांना घाम. त्यामुळे मे महिन्यात प्लग घरातून, कूलरच्या खोलीतूनच घालून निघावं. डिसेंबरच्या पहाटे उलटं: फोम कडक असतो, मुठीत मिनिटभर गरम करून मग वळावा आणि बोट जरा जास्त वेळ टेकवून ठेवावं.

फोम धुऊ नये. पाण्याने त्याचा उसळीपणा जातो. चार-पाच वापरांत मळतो किंवा दाबल्यावर पूर्ण फुगत नाही, तेव्हा टाकून द्यावा. कापसाचा बोळा हा पर्यायच नव्हे, त्याने आवाज जेमतेम कमी होतो.

फोमचा खरा दोष वेगळा आहे. तो उंच पट्टीचे आवाज जास्त कापतो आणि खालच्या पट्टीचे कमी, त्यामुळे समोरच्याचं बोलणं गोधडीतून आल्यासारखं लागतं. आधीच बोलणं कानातून डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागत असेल, तर बँकेच्या काउंटरवर तिप्पट दमछाक होते. वर स्वतःचा आवाज आणि चावण्याचा आवाज डोक्यात घुमतो. काहींना हे घुमणंच असह्य होतं. प्लग जरा खोल बसवला तर ते थोडं कमी होतं, पण जेवताना फोम वापरू नये हेच बरं.

ज्यांना लोकांशी बोलत राहायचं आहे त्यांनी फिल्टरचे प्लग घ्यावेत. सिलिकॉनची टोपी आणि मध्ये छोटी फिल्टरची नळी. हे सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्या प्रमाणात खाली आणतात, साधारण १५ ते २० डेसिबलने. सावजी भोजनालयात टेबलावरचं बोलणं कळतं आणि मागच्या भांड्यांचा खणखणाट बोथट होतो. ऑफिस, लग्नाचा हॉल, कुटुंबासोबतचं जेवण यांसाठी आमची पहिली पसंती हीच. टोप्या दोन-तीन मापांत येतात आणि दोन कानांची मापं वेगळी निघू शकतात, म्हणून उजवीकडे मोठी आणि डावीकडे लहान असं करायला बिचकू नका. कोमट पाणी आणि साबणाने फक्त टोपी धुवावी, फिल्टर काढून. फिल्टरमध्ये मळ अडकला की एका बाजूचा आवाज अचानक मंद होतो आणि माणूस उगाच कानाची चिंता करत बसतो. उणीव एकच: वस्तू लहान आणि महाग, म्हणजे हरवणारच. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकणारी डबी किंवा दोन्ही प्लग जोडणारी दोरी त्यासोबतच घ्या, नंतर घेऊ म्हणू नका.

इअरमफ म्हणजे कारखान्यात घालतात ते टोपले. यांचा मोठा गुण असा की घालायला कौशल्य लागत नाही आणि हरवत नाहीत. डोक्यावर चढवले, झालं. आवाजांचा ओव्हरलोड चढत असताना, म्हणजे सगळं असह्य होऊन डोकं बंद पडायला लागतं तेव्हा, बोटांनी फोम वळणं जमत नाही. तेव्हा हेच कामाचे. थ्रीएम पेल्टरच्या एक्स१ए चा एनआरआर २२ आहे आणि एक्स५ए चा ३१, पण एक्स५ए चांगलाच जाड आणि जड आहे. डोक्यावरचा दाब ही मोठी कसोटी. काहींना तो दाब आवडतो, मायेने कुणी डोकं धरल्यासारखा वाटतो. काहींना अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. नवा मफ जाड पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर ताणून ठेवला की पकड थोडी सैल होते. चष्म्याची काडी जाड असेल तर गादी आणि कानामागच्या कातडीत फट राहते आणि आवाज तिथून येतो. बारीक काडीचा चष्मा इथे पैसे वसूल करून देतो. नागपुरात एप्रिल ते जून मफ दिवसभर घालणं शक्य नाही. गादीखाली घामाचं तळं होतं. कुकर लावताना, मिक्सर फिरवताना, शेजारी टाइल कापत असताना असे १५-२० मिनिटांसाठीच वापरावेत. स्वयंपाकघराच्या दाराला खिळा ठोकून तिथेच टांगा.

मारबतीची मिरवणूक घरावरून जात असेल किंवा लग्नाचा डीजे खिडकीखाली उभा असेल, तर फोम आत आणि मफ वर असं दोन्ही घालता येतं. दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण ५ डेसिबलची भर पडते, कारण काही आवाज कवटीच्या हाडातूनही आत येतो. छातीत धडधडणारा बास दोन्ही घालूनही जाणवतोच. तिथे मागच्या खोलीत जाणं हाच उपाय. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत लिहिलेलं आहे. तक्रार करताना तेवढा संदर्भ पुरतो.

आता नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, ज्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात. ही यंत्रणा खालच्या पट्टीच्या, एकसुरी आवाजावर उत्तम चालते: बसचं इंजिन, एसी, मेट्रोची घरघर. अचानक आलेला हॉर्न, खुर्ची सरकल्याची किंकाळी, लहान मुलाचं रडणं ती पकडू शकत नाही. तिथे फक्त कानावरच्या गादीचा आडोसा कामी येतो. आणि ऑफिसमध्ये एक विचित्र गोष्ट होते. घरघर गेली की तिच्याखाली दबलेलं शेजारच्या टेबलावरचं बोलणं आणखी स्पष्ट ऐकू येतं. एडीएचडीसाठी याहून वाईट काही नाही. त्यामुळे हा हेडफोन नुसता घालू नये, त्यात मंद आवाजात पाऊस किंवा ब्राउन नॉइज (खालच्या पट्टीची एकसुरी घरघर) लावावा. व्हाइट आणि पिंक नॉइजने (यांत वरच्या पट्टीचा ‘सस्स’ जास्त असतो) एडीएचडी असलेल्यांचं लक्ष थोडं टिकतं असं अभ्यासांत दिसलं आहे. पण ऑटिझममुळे तो वरचा ‘सस्स’ बऱ्याच जणांना टोचतो, म्हणून खालच्या पट्टीचा आधी करून पाहावा. आवाजाची पातळी समोरच्याची हाक ऐकू येईल इतकीच ठेवावी.

काहींना यंत्रणा सुरू करताच कानात लिफ्टमधल्यासारखा दाब जाणवतो आणि मळमळतं. घेण्याआधी दुकानात गाणं न लावता १५-२० मिनिटं घालून बसा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. उन्हाळ्यात हेडफोन स्कूटरच्या डिक्कीत ठेवू नका. तिथे लिथियम बॅटरी उन्हाने खराब होते. कृत्रिम चामड्याच्या गाद्या घामाने सोलतात, म्हणून गादी वेगळी विकत मिळणारंच मॉडेल घ्या. वरून सुती कव्हर चढवलं तर घाम टिपला जातो, पण फट राहून यंत्रणेचा जोर कमी होतो.

घरात मात्र मार्च ते जून हेडफोनचं निम्मं काम कूलर फुकटात करतो. पंख्याची एकसुरी घरघर आणि ताट्यांवरून झिरपणारं पाणी हा चांगला आडोसा आहे. त्यातला टिल्लू पंप खरखरायला लागला, किंवा टाकीतलं पाणी संपून सूर बदलला, की तोच आवाज छळ होतो. टिल्लूची जाळी आठवड्याला धुतली तर हे टळतं. पाऊस लागून कूलर बंद झाला की अनेकांची झोप अचानक बिघडते आणि कारण ध्यानात येत नाही. त्या आठवड्यात टेबल फॅन भिंतीकडे तोंड करून चालवावा.

काही गोष्टी सांभाळायलाच हव्यात. गाडी चालवताना यातलं काहीही कानात नको. मागे बसताना चालेल. कान बंद असताना शिट्ट्या मोजता येत नाहीत आणि वरण करपतं, म्हणून घड्याळावर किंवा मोबाइलवर थरथरणारा गजर लावा. मेट्रोतही तसाच लावा, नाहीतर सीताबर्डीला गाडी बदलायची राहून जाते. ओल्या, दमट दिवसांत कान सतत बंद ठेवला तर बुरशी धरते. खाज, पाणी, वास यातलं काही दिसलं की प्लग थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, आणि कानात गरम तेल घालून वर प्लग अजिबात नको. घरात सगळं शांत असतानाही दिवसभर प्लग ठेवले तर कान आणखी हळवे होतात आणि साधा चमचा पडला तरी दचकायला होतं. आवाज वाढला की घालणं, कमी झाला की काढणं, ही सवय लावून घ्यावी.

घरच्यांनाही सांगावं लागतं. “कान बंद करून बसतोस, बोलावलं तरी ऐकत नाहीस” हे ठरलेलं वाक्य. मफ घातला की हाक न मारता समोर येऊन हात दाखवायचा, आणि कुकर लावण्याआधी “लावतेय रे” एवढं म्हणायचं, इतकं ठरलं तरी घरातली कुरबुर बरीच कमी होते. बाहेरच्यांना निदान समजावत बसायची गरज नाही. “आवाजाने कान दुखतात, काका” म्हटलं की पुरतं.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी फोमच्या दहा जोड्या, मग फिल्टरचे प्लग, मग मफ, आणि हेडफोन शेवटी. फोम आणि मफ हिंगणा-बुटीबोरी एमआयडीसीला माल देणाऱ्या सेफ्टीच्या दुकानांत मिळतात. दोरीचा फोम मागा, थ्रीएमचा १११० हा ११०० चाच दोरीवाला भाऊ आहे. दहा जोड्या एकाच डबीत ठेवू नका. ऑफिसच्या बॅगेत, पाकिटात, उशीजवळ आणि चपलांच्या स्टँडवर अशा वाटून टाका. फिल्टरचे प्लग ऑनलाइन मागवत असाल तर परतीची अट आधी वाचा. पाकीट फोडल्यावर कानात घालायची वस्तू सहसा परत घेत नाहीत, म्हणून सगळ्या मापांच्या टोप्या सोबत देणारं पाकीटच मागवा.