बार्बेक्यूच्या डीप क्लीनिंगला ५४९९ रुपये दिले आणि वर आग पण बघितली

लिहायला लाज वाटायली, पण आता हुरड्याचे दिवस आहेत, शेताकडं पार्ट्या चालू आहेत, म्हणून लिहून टाकतो. माझ्याकडं एक छोटा गॅसवरचा बार्बेक्यू आहे, सुटकेससारखा, झाकण लावून डिक्कीत बसतो आणि ५ किलोच्या सिलेंडरवर चालतो. तीन वर्षापूर्वी मेव्हण्यानं पुण्याहून आणून दिला. आमच्या लातूरला येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात असतं हे सांगायला नको. त्या दिवशी भज्जी आणि आंबीलच, बार्बेक्यूला कुणी हात लावत नाही, पण पाहुणे एक दोन दिवस थांबतात आणि मग दुसऱ्या दिवशी रात्री चिकन, पनीर, कणसं असं सगळं त्याच्यावर होतं.

आता खरं सांगायचं तर मी तो कधी नीट धुतलाच नव्हता. जाळी घासायचो, बाकी तसाच पत्र्याच्या शेडमध्ये. दह्याचा मसाला आणि तेल जळून झाकणाला आतून डांबरासारखा थर बसलेला, खालच्या ट्रेमध्ये चरबी गोठून मुंग्या लागलेल्या. डिसेंबरमध्ये शेड उघडलं तर उंदरानं नळीला पण दात लावून बघितलेले. बायको म्हणली, अहो हे पाहुण्यांसमोर नेऊ नका, आधी साफ करा नाहीतर भंगारात द्या.

त्याच आठवड्यात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली, घरी येऊन बार्बेक्यू, चिमणी, ओव्हन डीप क्लीनिंग, व्हिजिट २९९. मी लगेच फोन केला. आला तो पोरगा एकदम टापटीप, माझ्या बार्बेक्यूच्या कंपनीचा लोगो असलेला टीशर्ट, हातात मोजे, सर सर करून बोलणं. त्यानं सिलेंडर जोडला, खाली वाकून बर्नरपाशी काहीतरी हात घातला, पेटवलं, तर ज्वाळा पिवळी धमक आणि वर काजळी. म्हणला, "सर बघा, ग्रीस बर्नरच्या आत गेलंय. असंच वापरलं तर एक दिवस भडका होईल." मला तर घामच फुटला, घरात लेकरं आहेत. गेल्या वेळेस ज्वाळा निळी होती की पिवळी हे मला आठवंना, आणि कुणाला आठवतं सांगा.

मग हिशोब. केमिकल क्लीनिंग, बर्नर सर्व्हिस, नवीन रेग्युलेटर, आतून "हीट कोटिंग", सगळं मिळून ३७५०. वर्कशॉपला न्यावं लागंल म्हणून पूर्ण बार्बेक्यूच घेऊन गेला आणि तीन दिवसांनी आणून दिला, आणि खोटं कशाला बोलू, असा चकाचक की बायकोनं पण मान डोलावली. आतून काळाभोर, जाळी चांदीसारखी. वर १४५० चा पाच लिटरचा डबा गळ्यात मारला, "बायो" लिहिलेला हिरवा द्रव, ट्रेमध्ये रात्रभर टाकून ठेवा म्हणला. पैसे फोनवरून दिले. बिल मागितलं तर म्हणला व्हॉट्सॲपवर पाठवतो सर, आणि ते आजपर्यंत यायलंय.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री शेतात पेटवला. नवीन रेग्युलेटरला फिरवायचं चाक होतं, जरा फिरवलं की ज्वाळा हातभर. म्हणलं वा, सर्व्हिसिंगचा गुण आला. चिकनचे दोन लॉट झाले आणि तिसऱ्याला खालून भक्कन आग, झाकणाच्या वर. चुलतभाऊ पाण्याची बादली घेऊन पळत आला, मी ओरडलो पाणी नको! हे एक मला माहीत होतं म्हणून वाचलो, पेटलेल्या तेलावर पाणी टाकलं की तेल उडतं आणि आग चौफेर होते. सिलेंडर बंद केला, लांब काठीनं झाकण पाडलं आणि लांब उभा राहिलो. हवा तुटल्यावर विझलं ते. शेजारी कडब्याची गंजी होती, नंतर तिच्याकडं बघून पाय लटलटायले.

आणि मूर्खपणा बघा, मला वाटलं चूक आपलीच. त्याला फोन केला तर म्हणला, "सर तुम्ही तेल जास्त लावलं असंल, डबा वापरा ना." म्हणून घरी आल्यावर तो हिरवा द्रव ट्रेमध्ये ओतला. रात्रभर ठेवायचीपण गरज पडली नाही, पाच मिनिटात फसफस, ट्रे गरम आणि उग्र वास. बायकोनं मोजे न घालता ट्रे सरकवला तर बोटं आधी साबणासारखी बुळबुळीत आणि मग आग. वीस मिनिटं नळाखाली हात धरला तिनं. सकाळी ट्रे काळा ठिक्कर आणि बुडाला भोकं.

माझा भाचा आमच्याकडं राहून नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायलाय, लातूर पॅटर्न. त्यानं अंगणात एक चमचा द्रवात चिमूटभर हळद टाकली, कुंकू झालं. मामा हे अल्कली आहे म्हणला, साबणानं पण हळद लाल होते, थांबा. मग थोड्याशा द्रवात डबा गुंडाळायचा फॉइलचा तुकडा टाकला, तो फसफसत बघता बघता विरघळला. कॉस्टिक सोडा असणार, रंग घालून. ॲल्युमिनियमवर तो पडला की हायड्रोजन सुटतो आणि धातूच खाऊन टाकतो. ट्रे ॲल्युमिनियमचा. आणि बंद खोलीत हे केलं असतं आणि शेजारी गॅस पेटलेला असता तर काय, हे भाचाच बोलला, मी नाही.

तेव्हा कुठं डोकं ठिकाणावर आलं आणि बार्बेक्यू घेऊन गोलाईच्या बाजारात गेलो. तिथं एका बोळात शेगड्या दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांनी आधी झाकणाला आतून पेचकसानं खरवडलं. "हीट कोटिंग"चा पोपडा निघाला आणि त्याच्याखाली माझाच तीन वर्षाचा चरबीचा थर जसाच्या तसा. म्हणजे साफ केलंच नव्हतं, वरून स्प्रे मारला होता! आणि तळाला चरबी ट्रेमध्ये उतरायला जे भोक असतं ते त्या थरानं आणि रंगानं बुजलेलं. म्हणून तेल आतच साचलं. रेग्युलेटर हातात घेऊन तर चाचांनी कपाळावर हात मारला, तो भट्टीचा, हाय प्रेशरचा. घरच्या शेगडीचा, छोट्या बार्बेक्यूचा वेगळा, त्याचं प्रेशर ठरलेलं असतं, त्याला असं चाक नसतं.

मग मी पिवळ्या ज्वाळेचं सांगितलं. चाचा हसले. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी हवा आत जायची एक खिडकी असते, तिच्यावर फिरती पट्टी. त्यांनी पट्टी बंद केली, ज्वाळा पिवळी. उघडली, निळी. परत बंद, परत उघडी. "साहेब, हा तुमचा रोग. माझ्यासमोर दोन वेळा झाला अन दोन वेळा बरा झाला." गॅसला हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि काजळी धरतो, बस. म्हणजे मला जी बिघाड दाखवली ती त्या पोरानं माझ्यासमोर माझ्याच अंगणात तयार केली होती. खरं कारण असंलच तर कोळ्याचं जाळं नाहीतर कुंभारमाशीचं मातीचं घर नळीत असतं, ते तारेनं काढायचं, भोकं मोठी करायची नाहीत.

त्यामुळं कुणी घरी येऊन पिवळी ज्वाळा दाखवली तर त्याला म्हणा बर्नरला हात न लावता परत पेटव. काही सामान नेऊ द्यायचं असंल तर आधी प्रत्येक भागाचा फोटो काढा, जाळीचा पण, का ते पुढं येतंच.

साफ करायला खरंतर काही लागत नाही. चाचांनी सांगितलं तसं करायलोय, भाजून झालं की पंधरा मिनिटं झाकण लावून गॅस चालू ठेवायचा, पण समोरून हलायचं नाही आणि ट्रे आधी रिकामा पाहिजे. मग बंद करून गरम जाळीवर काट्याला खोचलेला अर्धा कांदा घासायचा. तारेचा ब्रश मी टाकून दिला, त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून पोटात जाते. झाकण, तळ आणि नवा ट्रे थंड झाल्यावर खायचा सोडा आणि भांड्याच्या साबणाची पेस्ट, लाकडी उलथण्यानं खरवडणं, भोकात काडी घालून बघणं. आमचं बोरचं पाणी जड, फेसच येत नाही, म्हणून दोन बादल्या जातात. ज्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तिथं मी चरबीवर दोन बादल्या ओततोय, आईचं बोलणं रोज ऐकतो. उंदरानं चावलेली नळी बदलून तारेची जाळी असलेली नारंगी घेतली. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतो, आणि सिलेंडर गळायला लागला तर १९०६ नंबर बायकोच्या फोनमध्ये पण टाकलाय.

त्या पोराचा फोन मला लागणं बंद झालं. कंपनीच्या कस्टमर केअरला विचारलं तर लातूरला आमची घरी जाऊन सर्व्हिसच नाही म्हणले, टीशर्ट कुठून शिवला देव जाणे. १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, पण बिल नाही, नाव खरं का खोटं माहीत नाही, फक्त पैसे गेल्याचा पुरावा.

जाळीचं राहिलं. चाचांनीच विचारलं, साहेब ही जाळी ओरिजनल नाही, तुमची बिडाची असंल ना? होती, जड, आणि तिचा एक कोपरा उडालेला, मागच्या वर्षी ओट्यावरून पडली तेव्हाचा. परवा दुसऱ्याच एका खरेदी विक्रीच्या ग्रुपवर फोटो दिसला, "बार्बेक्यूची बिडाची जाळी, थोडी वापरलेली, २२००." कोपरा उडालेला. तोच कोपरा. नंबर वेगळा होता. बायकोच्या फोनवरून तिलाच लावायला सांगितला, आवाज ओळखीचा. "ताई, व्हिजिट करतो ना, कंपनीचं मॉडेल कोणतंय तुमचं?"

गुरुवारी अकराला येतो म्हणलाय. पत्ता चाचांच्या दुकानाच्या मागच्या घराचा दिलाय.